फुलंब्रीपर्यंतचा सिनेमा

मी आठवीला विज्ञान शिकवते आणि थापा मला खपत नाहीत. प्रयोग न करताच जर्नलात निरीक्षण लिहिणाऱ्या पोरांची पानंच्या पानं मी लाल शाईनं खोडलेली आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या हकिगतीत मी जरा हसण्यासारखी वागले आहे आणि ते मला लपवायचं नाही.

हकिगत कडुबाभाऊंची. सकाळी सातला संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून अजिंठ्याची गाडी सुटते, तिचे हे कंडक्टर. वय बावन्न, अंगानं किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. अकरा वर्षं मी या गाडीनं फुलंब्रीच्या शाळेत अप-डाऊन करते. सिनेमा हे त्यांचं वेड. दर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या खेळाला ते नवा सिनेमा पाहतात आणि शनिवारी सकाळी अख्ख्या गाडीला सांगतात. हर्सूलपर्यंत तिकिटं फाडून होतात. मग ते ड्रायव्हरकडं पाठ करून मधल्या वाटेत उभे राहतात, खिशातून कालचं सिनेमाचं तिकीट काढून सगळ्यांना दाखवतात आणि म्हणतात, "बघा, मी बी विदाउट नाय." की झाला सिनेमा सुरू.

त्यांच्या सिनेमात हिरोला नाव नसतं. तो 'आपला माणूस'. व्हिलन म्हणजे 'तो'. सावंगीपर्यंत आपल्या माणसाचं घरदार, चौक्याच्या घाटात गाणं आणि प्रेम, फुलंब्रीला गाडी दहा मिनिटं थांबते म्हणून तिथं इंटरव्हल, सिल्लोडला रडारड, गोळेगावच्या पुढं हाणामारी आणि अजिंठ्याच्या स्टॉपवर 'समाप्त'. ज्याचं जिथंपर्यंत तिकीट, त्याला तिथंपर्यंत सिनेमा. त्यामुळं सावंगीला उतरणाऱ्यांच्या मते जगातले सगळे सिनेमे सुखी कुटुंबाचे असतात. चौक्याला उतरणाऱ्यांना वाटतं, सगळ्यांची लग्नं जमतात. आम्हा फुलंब्रीवाल्यांचा अनुभव असा की कुणाचंच काही धड मार्गी लागत नाही. आणि सिल्लोडला चढणाऱ्यांना तर सिनेमा म्हणजे विनाकारण मारामारी असंच वाटत आलेलं आहे. परतीच्या गाडीत मी एकदा म्हटलं, "कडुबाभाऊ, आता शेवट तरी सांगा." तर म्हणाले, "मॅडम, येताना सिनेमा उलटा चालतो. आपल्याला जमत नाय."

एक गोष्ट मात्र त्यांची पक्की होती. पाहिल्याबिगर एक सीन सांगायचा नाही. त्यांच्या शब्दावर लोक चालत. एकदा त्यांनी कुठल्याशा सिनेमाबद्दल "पोरं नेऊ नका, भितील" एवढं म्हटलं, तर फुलंब्रीतून एकाही घरानं पोरं नेली नाहीत. डेपोत कुणी त्यांना साहेब म्हणत नाही, घरी मुलगा सम्यक त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेला. पण या गाडीत कडुबाभाऊंनी सांगितलं म्हणजे ते पडद्यावर असणारच, ही त्यांची इज्जत होती. तेवढीच होती म्हणा ना.

आता 'शून्य सेकंद'बद्दल. परदेशी थाटाचा, हाणामारीचा, विज्ञानाचा सिनेमा. आपला माणूस मनगटावरचा पट्टा दाबतो आणि इथून गायब होऊन तिथं हजर होतो. शहरातल्या निम्म्या रिक्षांवर त्याचं पोस्टर. गाडीत आठवडाभर तीच चर्चा. "मग एसटीचं काय?" हा पहिला प्रश्न. "पट्ट्याला पास चालंल का?" हा दुसरा. ड्रायव्हर रामकिसन म्हणाला, "गायब होऊन जाता येतं, पण येताना डोईवरलं गाठोडं कुठं धरायचं?"

आणि नेमकं त्या शुक्रवारी चौक्याच्या घाटात ट्रक उलटला. गाडी दीड तास तिथंच. कडुबाभाऊ डेपोत हिशेब देऊन धावत थिएटरवर पोचले तेव्हा आत इंटरव्हल झालेला. त्यांनी पाहिला तो फक्त पुढचा अर्धा. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी नेहमीसारखं तिकीट दाखवलं. तिकीट सहाच्याच खेळाचं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण हर्सूल ते फुलंब्री हा सगळा टप्पा रिकामा, आणि गाडीभर माणसं तोंडाकडं बघत बसलेली. कडुबाभाऊ दोनदा खाकरले. मला वाटलं, घसा बसलाय.

"आपल्या माणसाला आईबाप नाय," ते म्हणाले. "एक मावशी."

झालं. ती मावशी जी आली ती गाडीत ठाण मांडूनच बसली. गावाच्या कडेला पत्र्याचं घर, दारात चूल, बाजरीची भाकरी. तिनं वाढवलेला पोरगा शिकून शिकून थेट जपानला गेला आणि तिथं त्यानं पट्टा बनवला. पट्ट्याचा नियम असा की जागा नीट आठवली पाहिजे, अगदी वासासकट. वास आठवला नाही तर पट्टा चालत नाही. पहिल्यांदा दाबताना त्याला दुसरं काय आठवणार? डोळे मिटले, चुलीचा धूर आठवला आणि प्रयोगशाळेतल्या खुर्चीसकट मावशीच्या भिंतीतून घरात. मावशीनं वरसुद्धा पाहिलं नाही. "भिंतीतून आलेल्याला मी वाढत नसती. भाईर जा, दारातून ये." शास्त्रज्ञ बाहेर गेला, दार वाजवलं, मग भाकरी मिळाली.

चौक्याच्या घाटात लोक इतके हसत होते की रामकिसननं गाडी दुसऱ्या गियरमध्येच ठेवली. पुढं आपला माणूस रोज दुपारी जपानहून जेवायला यायला लागला. एकदा उरलेली भाकरी परत घेऊन गेला, ती त्याच्या साहेबानं पाहिली. भाकरी गरम. साहेब म्हणजेच 'तो'. त्यानं भाकरीचा वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि त्याला सगळं कळलं. फुलंब्रीच्या स्टॉपवर गाडी लागली तेव्हा चोरलेला पट्टा बांधून 'तो' मावशीच्या दारात उभा होता. "इंटरव्हल," कडुबाभाऊ म्हणाले आणि घाम पुसत खाली उतरले.

मी तर हरखूनच गेले. नियम असलेला विज्ञानाचा सिनेमा पहिल्यांदाच ऐकत होते. त्या दिवशी मी आठवी 'ब'ला वासाचा नियम सांगितला, अनुमान कसं काढतात ते गरम भाकरीवरून शिकवलं. तास संपला तरी पोरं उठेनात. असं माझ्या तासाला कधी होत नाही.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी त्याच गाडीनं परतताना शेजारी लीलाबाई बसल्या होत्या. सिल्लोडच्या बचत गटातल्या. सकाळी अजिंठ्याच्या दुकानांना पापड देऊन त्याच गाडीनं फिरतात आणि शनिवारी तशाच पुढं शहरात मुलीकडं येतात. त्यांनी सकाळी सिल्लोडपासून पुढचा भाग ऐकला होता.

"कसा वाटला?" मी म्हटलं.

"कायी नाय त्याच्यात. पंचवीस माणसं गायब, पंचवीस हजर. आन् नुसते गुद्दे."

"आणि मावशी?"

"कोण मावशी?"

"अहो, जिच्या दारात 'तो' उभा होता."

"दारात कोणी नव्हतं बाई. उंच बिल्डिंग होती."

आम्ही दोघींनी वळून कडुबाभाऊंकडं पाहिलं. ते सगळ्यांची तिकिटं पुन्हा तपासायला लागले होते. एकदा तपासलेल्या माणसालाच त्यांनी "कुठलं तुमचं?" विचारलं. तोवर गाडीत दोन तट पडले. फुलंब्रीवाले म्हणत, मावशीमुळंच सिनेमा आहे. सिल्लोडवाले म्हणत, मावशी असती तर तिनं शेवटी दोन शब्द बोलू नयेत का? रामकिसननं दोन्ही अर्धे ऐकले होते, पण त्याच्या मते पंचवीस माणसं गायब होतात तिथं मावशी पण झाली असेल. आमच्या बाजूनं सोमनाथ लढत होते. हे फुलंब्रीच्या पतसंस्थेत कारकून, वादात हार मानत नाहीत. ते म्हणाले, "उद्या रविवार हाय. बघूनच टाकू. कडुबाभाऊ, तुम्ही बी चला."

"नका बघू," कडुबाभाऊ घाईनं म्हणाले. "हॉलात ढेकणं हायेत."

"मॉलमधी?" लीलाबाई म्हणाल्या.

"एसीतली ढेकणं लई वाईट."

असं कुणी म्हटल्यावर माणूस जायचा थांबतो थोडाच? रविवारी दुपारी आम्ही क्रांती चौकात जमलो. मी, लीलाबाई, सोमनाथ, रामकिसन आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले कडुबाभाऊ. तोंडावर परीक्षेला निघालेल्या पोराची कळा. मी त्यांना पिशवीतली जिऱ्याची गोळी दिली. ती चघळत ते आमच्या मागं निघाले.

सिनेमा सुरू झाला. आपला माणूस बोटीवर गिटार वाजवत होता. मग लॅब, मग पार्टी, मग पुन्हा बोट. अर्धा तास झाला. सोमनाथ कानात म्हणाले, "मावशी कवा येती?" मी म्हटलं, "येईल, गावाकडं शूटिंग असेल." तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारी आली, हातात फरशी पुसायचं फडकं. लीलाबाईंनी टाळी वाजवली. आम्हीही वाजवली. सोमनाथांनी तर शिट्टी मारली. म्हातारीनं लॅबची फरशी पुसली आणि ती निघून गेली, ती गेलीच. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "कौन थी वो? हिरोईन की माँ?" "मावशी," सोमनाथ मागं वळून म्हणाले, आणि मग त्यांनी मागच्या रांगेला पत्र्याच्या घरापासून सगळी गोष्ट सांगितली. मागच्या रांगेनं तिच्या मागच्या रांगेला सांगितली.

इंटरव्हल झाला आणि दिवे लागले. मावशीचा पत्ता नव्हता. चूल नाही, भाकरी नाही. पट्टा तर त्याला कुरिअरनं आला होता.

आमच्यापैकी एकाच्याही मनात कडुबाभाऊंबद्दल शंका आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं, निदान पुढचा तमाशा टळला असता. आम्ही सरळ बाहेर गेलो आणि टाय लावलेल्या तिथल्या मॅनेजरला धरलं.

"सीन कापलेत तुम्ही," सोमनाथ म्हणाले.

"कोणते सीन सर?"

"मावशीचे."

तोवर मागच्या रांगा येऊन पोचल्या होत्या. "मौसी का सीन काट को दिखा रए ये लोगां," एका चाचांनी सगळ्यांना सांगितलं. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, ट्रेलरमध्ये मावशी होती, तिनं स्वतः पाहिली आहे. एक जोडपं म्हणालं, पुण्यात पूर्ण दाखवतात, आपल्यालाच असं अर्धवट का? कुणाला मावशीची साडी हिरवी आठवत होती, कुणाला जांभळी. पन्नास-साठ माणसं जमली आणि सगळ्यांना मावशी पाहिजे होती. मॅनेजर फोनवर कुणाला तरी "सर, मौसी... नहीं सर, मौसी" असं सांगत होता. आणि मी, थापा न खपणारी, तक्रार वही मागत होते. लेखी तक्रार करायचीच, असं मी दोनदा मोठ्यानं म्हणाले.

कडुबाभाऊ पॉपकॉर्नच्या काउंटरला पाठ लावून उभे होते. सोमनाथांनी त्यांना हाताला धरून पुढं आणलं. "हे बघा, ह्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला. भाऊ, सांगा ह्यांना. शुक्रवारी होती ना मावशी?"

एक "व्हय" म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांचा शब्द राहिला असता, आम्ही खूश, गर्दी खूश. मॅनेजरला कुणी विचारलं नसतं, त्याच्यावर आळ आला असता आणि दोन दिवसांनी सगळे विसरले असते. कडुबाभाऊंनी मॅनेजरकडं पाहिलं. तो पोरसवदा माणूस घामानं भिजला होता.

"नाय," ते म्हणाले. "मी मावशी पाहिली नाय. शुक्रवारी गाडी घाटात अडकली, मी इंटरव्हलला आलो. आधीचं सगळं माझ्या मनातलं हाय. ह्या साहेबाला सोडा."

मॅनेजर तिथल्या स्टुलावर बसला. कॉलेजची मुलगी हळूच मैत्रिणीच्या मागं गेली. चाचांनी मात्र एक पाऊल पुढं येऊन विचारलं, "वो ठीक है मियाँ, मगर वो दरवाजे पे खडा था, आगे क्या हुआ?"

"मालूम नहीं," कडुबाभाऊ म्हणाले.

मला राग आला. खरा राग, कानशिलं तापली. "मी अख्ख्या वर्गाला सांगितलं तो वासाचा नियम," मी म्हटलं. "तुमच्या भरवशावर. तुम्ही तिकीट दाखवलं होतंत."

त्यांनी हात जोडले. "चुकलो मॅडम. आता सांगणार नाय. परत कधीच नाय."

पुढचा अर्धा भाग सुरू झाला. तो त्यांनी सांगितला होता तसाच होता. लीलाबाई पडद्याच्या आधी पुटपुटत होत्या, "आता हा खिडकीतून जातोय, आता ह्याचा बूट राहील," आणि बूट राहायचा. एकही सीन इकडचा तिकडं नाही. हा माणूस पाहिलेलं किती चोख सांगतो याचा तो पुरावाच होता. पण खरं सांगायचं तर मला जांभया येत होत्या. पंचवीस माणसं गायब, पंचवीस हजर. लीलाबाईंचं मत अगदी बरोबर होतं.

बाहेर पडताना दारात मोबाईल घेऊन एक मुलगी लोकांची मतं विचारत होती. रामकिसन म्हणाला, "ब्रेक नाय ह्या पिच्चरला." लीलाबाई म्हणाल्या, "मावशी घ्यायला पायजे व्हती." सोमनाथांनी जरा विचार करून सांगितलं, "पहिला अर्धा लई भारी व्हता, पण तो ह्यांनी काढलाच नाय." ती मुलगी गोंधळून आमच्याकडं बघत राहिली. कडुबाभाऊ तोवर रस्ता ओलांडून गेले होते.

सोमवारी सातच्या गाडीत मी ठरवून खिडकीशी बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. मुलीकडून सिल्लोडला परत निघालेल्या लीलाबाई शेजारी आल्या. कडुबाभाऊंनी तिकिटं दिली, डबल बेल मारली आणि जाऊन आपल्या सीटवर बसले. सोमवारी ते एरवी शनिवारचे तुकडे हवे त्याला पुन्हा सांगत. आज कुणी मागितले नाहीत, त्यांनी सांगितले नाहीत. सावंगीचे लोक चुकल्यासारखे उतरले. ऐकायला काही नसल्यानं रामकिसननं दोन स्पीडब्रेकर सरळ उडवले.

घाटात मला कळलं की माझा राग बराच वेळ झाला संपलेला आहे आणि मी नुसतीच वर्तमानपत्र धरून बसले आहे. पोरांची पानं मी का खोडते? प्रयोग केला नाही म्हणून नव्हे, केला म्हणतात म्हणून. या माणसानं तर साठ जणांसमोर नाही केला म्हणून सांगितलं होतं. तेवढं एकदा सांगून झाल्यावर मग मावशी खोटी कशी? मला तर ती बोटीवरच्या त्या गिटारवाल्यापेक्षा चांगली आठवत होती, धुराच्या वासासकट. आणि वाईट वाटत होतं ते याचं की अकरा वर्षांत ज्या माणसानं मला रोज सकाळी हसवलं, त्याला मी चारचौघांत खाली मान घालायला लावली. आजवर दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर मी त्या माणसाला सोडलं नसतं.

"बाई," लीलाबाई म्हणाल्या, "ती मावशी परवापासून दारात हाय. तो समोर उभा. असं ठिवत्यात का कुणाला?"

मी वर्तमानपत्राची घडी केली. "कडुबाभाऊ," मी हाक मारली. "मावशीच्या दारात पुढं काय झालं?"

"मी पाहिलं नाय मॅडम."

"माहीत आहे. न पाहिलेलंच सांगा."

रामकिसननं आरसा नीट केला. कडुबाभाऊ उठले, मधल्या वाटेत आले, पण खिशाकडं हात गेला नाही.

"भ्या वाटतं," ते म्हणाले. "पाहिलेलं असलं म्हंजे धरायला कायतरी असतं."

"वरचा दांडा आहे की," मी म्हटलं. "धरा."

ते हसले. मग त्यांनी दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला. "तर मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं," ते म्हणाले, "आन् विचारलं, जेवला का?"